दोह्यातली लाल लिली मूळची कुठली?

 

फोटोतलं लाल फूल आमच्या बाल्कनीतलं आहे. दांडा एक, फुलं चार, आणि एकेक फूल माझ्या तळहाताहून मोठं. दुकानात याला अमॅरिलिस म्हणतात. माझ्या माहेरी कोकणात नुसतं 'लिली' म्हटलं तरी सगळ्यांना कळतं. हे फूल यायला तीन वर्षं लागली. त्या तीन वर्षांत ही कुंडी मी दोनदा कचऱ्याच्या खोलीपर्यंत नेली आणि दोन्ही वेळा परत आणली.

परत आणली, कारण कुंडी माझी नव्हतीच. शेजारच्या इमारतीत नाशिककडचं एक कुटुंब राहायचं. नोकरी संपली, जायची तारीख ठरली, आणि इथे सगळेच करतात तसं त्यांनी सामान काढायला घेतलं. सोफा विकला, सायकली देऊन टाकल्या, कुंड्या वाटल्या. ताई जाताना म्हणाल्या, "हिला जप हं. फुलली की फोटो पाठव." मी म्हटलं, "पाठवते की, त्यात काय!" पुढची तीन वर्षं मी त्यांना दिवाळीच्या शुभेच्छा पाठवल्या, गुढीपाडव्याच्या पाठवल्या. फोटो काही पाठवता आला नाही.

यंदा फूल आलं आणि नेमका त्याच आठवड्यात लेकीला शाळेतून प्रकल्प आला: तुमच्या देशातलं एक झाड. मी लगेच म्हटलं, "ही लिली घे. आजीच्या अंगणात आहे तीच."

ती नऊ वर्षांची आहे, प्रश्न विचारल्याशिवाय काही घेत नाही. "पण ही तर मावशींनी दोह्यात विकत घेतलेली. मग आजीची कशी? आणि आजीकडे कुठून आली?"

"कोकणातलीच आहे गं ती," मी ठणकावून सांगितलं.

रात्री खात्री करायला म्हणून वाचायला बसले आणि कळलं, की मी साफ चुकीचं सांगितलंय. मग दोन रात्री वाचतच बसले. जे हाती लागलं ते इथे लिहिते आहे, कारण हीच कुंडी तुमच्यापैकी निम्म्यांच्या बाल्कनीत नुसती पानं घेऊन उभी असेल. आणि तिचा इतिहास कळल्याशिवाय ती का फुलत नाही हे कळत नाही, असं माझं आता मत झालंय.

नावातच गोंधळ

पहिली गंमत म्हणजे आपण जिला अमॅरिलिस म्हणतो ती शास्त्राच्या हिशेबाने अमॅरिलिस नाहीच. खरी अमॅरिलिस दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातली. आपली कुंडीतली आहे ती हिप्पिॲस्ट्रम, आणि तिचं माहेर दक्षिण अमेरिका. ब्राझीलचा पूर्व भाग आणि पेरू, बोलिव्हिया, अर्जेंटिना इकडचे डोंगर, हा तिचा मुख्य मुलूख. तिच्या रानटी जाती नव्वदच्या आसपास आहेत.

मग नाव कसं चुकलं? स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७५३ मध्ये वनस्पतींची नावं पक्की करणारा आपला मोठा ग्रंथ काढला. त्यात त्याने 'अमॅरिलिस बेलाडोना' हे नाव दिलं. अमॅरिलिस ही व्हर्जिल या रोमन कवीच्या काव्यातली मेंढपाळ मुलगी. नाव गोड, पण त्या काळात आफ्रिकेतून आणि अमेरिकेतून येणारे कंद युरोपातल्या श्रीमंतांच्या बागांमध्ये शेजारी शेजारी लावलेले असायचे. लिनियस तरुणपणी जॉर्ज क्लिफर्ड नावाच्या धनाढ्य डच माणसाच्या बागेत काम करत होता. तिथल्या झाडांच्या नोंदींवरूनच पुढे वाद झाला, की त्याच्या डोळ्यांसमोर नेमकं कुठलं झाड होतं, आफ्रिकेचं की अमेरिकेचं?

१८२१ मध्ये विल्यम हर्बर्ट या इंग्रज पाद्र्याने दोन्ही वेगळी केली आणि अमेरिकेच्या झाडाला हिप्पिॲस्ट्रम हे नाव दिलं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ साधारण 'घोडेस्वाराचा तारा'. आधीच्या एका जातीच्या नावात घोडेस्वाराचा उल्लेख होता, तोच धागा त्याने पुढे नेला. तरी वाद मिटला नाही. विसाव्या शतकातही अभ्यासक भांडत राहिले. शेवटी १९८७ मध्ये बर्लिनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत ठरलं, की अमॅरिलिस हे नाव आफ्रिकेच्या झाडाचंच. पुरावा म्हणून धरला तो क्लिफर्डच्या संग्रहातला, लंडनमध्ये जपलेला वाळका नमुना.

म्हणजे निकाल लागायला सव्वादोनशेहून जास्त वर्षं गेली. दुकानदारांनी मात्र तो निकाल ऐकलाच नाही. खोक्यावर अजून अमॅरिलिसच छापतात. कागदावरचं नाव एक आणि हाक मारायचं नाव दुसरं. आपल्या घरांत तरी वेगळं काय असतं?

घड्याळजींचं काचघर

आज बाजारात जे मोठ्या फुलांचे कंद मिळतात ते रानातले नाहीत, माणसाने संकर करून तयार केलेले आहेत. यातला पहिला नोंदलेला संकर केला आर्थर जॉन्सन या इंग्लंडमधल्या घड्याळजींनी. लँकेशायरमधल्या प्रेस्कॉट गावात ते घड्याळं बनवायचे, आणि काचघरात झाडं वाढवायचा त्यांना छंद होता. १७९९ च्या सुमारास त्यांनी दोन अमेरिकन जातींचं मीलन घडवलं. लाल पाकळ्यांवर मधोमध पांढरा पट्टा असलेलं फूल आलं. आजही त्या जातीला जॉन्सनचंच नाव आहे.

पुढे त्यांचं काचघर उद्ध्वस्त झालं. पण त्याआधी त्यांनी या जातीचे कंद लिव्हरपूलच्या वनस्पती उद्यानाला दिलेले होते. तिथे ते वाढले आणि पुढे जगभर गेले. आपल्याजवळ ठेवलं ते गेलं, वाटलं ते उरलं. हे वाचलं तेव्हा मला सामान काढणाऱ्या आमच्या ताई आठवल्या.

त्यानंतर १८६० च्या दशकात इंग्लंडच्या व्हीच कंपनीने माणसं पाठवून अँडीज पर्वतातून आणखी मोठ्या फुलांच्या जाती आणवल्या. हॉलंडच्या बागायतदारांनी त्यांचे संकर केले आणि कंदांचा धंदाच उभा राहिला. पुढे दक्षिण आफ्रिकेतही हे कंद मोठ्या प्रमाणावर पिकू लागले. तिथले ऋतू उलटे असल्यामुळे त्यांचे कंद युरोपात बरोबर नाताळच्या वेळी फुलतात. अमेरिकेचं झाड खऱ्या अमॅरिलिसच्या माहेरी जाऊन तिच्याच नावाने विकलं जातंय. आहे की नाही कमाल!

मराठी व्याकरण लिहिणारा माळी

आता भारताकडे येऊ. इथे मला एक नाव भेटलं आणि मी खुर्चीत सरळ होऊन बसले. विल्यम केरी.

आपल्यापैकी ज्यांनी मराठी वाङ्मयाचा इतिहास शिकलाय त्यांना हे नाव आठवेल. बंगालमधल्या सेरामपूरचे हे मिशनरी. १८०५ मध्ये त्यांनी मराठीचं व्याकरण छापलं आणि १८१० मध्ये मराठी शब्दकोश. वैजनाथ शर्मा नावाच्या पंडितांची त्यांना या कामात मदत होती. मराठी शिकवायचे ते कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात.

याच केरींना बागेचं विलक्षण वेड होतं. १८२० मध्ये कोलकात्यात त्यांनी शेती आणि बागकामासाठी एक संस्था सुरू केली. ती अलीपूरला अजून आहे. आणि ज्या हर्बर्टने आपल्या लिलीला हिप्पिॲस्ट्रम नाव दिलं, त्यानेच एका क्रायनमला केरींचं नाव दिलं. क्रायनम म्हणजे आपल्या लिलीची चुलत बहीण. मोठी लांब पानं, पांढरी सुवासिक फुलं. काही भागांत तिच्या एका जातीला नागदवणा म्हणतात.

म्हणजे बघा, कोलकात्यात बसून मराठीचं व्याकरण लिहिणारा माणूस आणि आपल्या बाल्कनीतल्या लिलीचं बारसं करणारा माणूस, दोघे एकाच वर्तुळातले. मुलांना मराठी कशी टिकवायची म्हणून आपण शनिवारी डोकं धरून बसतो ना, त्या मराठीचं व्याकरण आणि हे फूल यांची गाठ दोनशे वर्षांपूर्वीच पडली होती.

पश्चिम भारतासाठी तशीच संस्था १८३० मध्ये निघाली. पुण्याचं एम्प्रेस गार्डन आजही तीच चालवते आणि दर जानेवारीत तिथे पुष्पप्रदर्शन भरतं. पुणेकरांना सांगायला नको. मुंबईची राणीची बाग १८६२ मध्ये खुली झाली. पुण्यात गणेशखिंडीला वनस्पती उद्यान झालं ते १८७३ मध्ये. परदेशी शोभेची झाडं अशा बागांमधून बंगल्यांत गेली, बंगल्यांतून माळ्यांच्या घरी, आणि तिथून शेजारणी-पाजारणींच्या ओटीतून गावोगावच्या अंगणांत. फुटवा काढायचा, मातीसकट कागदात गुंडाळायचा, "लाव गं, येते चांगली," म्हणून द्यायचा. माझ्या आईकडे ती तशीच आली, तिच्या आत्याकडून. कोणाच्याच तोंडी ब्राझील नव्हतं.

गणेशखिंडीच्या त्या उद्यानाचे प्रमुख वुड्रो यांनी भारतातल्या बागकामावर पुस्तक लिहिलंय. त्यांच्या नावाचं एक क्रायनम महाबळेश्वरला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याची नोंद झाली, आणि मग जवळजवळ शंभर वर्षं ते कोणाला दिसलंच नाही. २००० नंतरच्या दशकात अभ्यासकांनी ते पुन्हा शोधलं. हे झाड अस्सल सह्याद्रीचं, पण ते आपल्यापैकी कोणी पाहिलेलं नाही. आणि अंगणातली जी 'आपली' म्हणून सांगतो ती पार अँडीजपलीकडची!

कांद्याची भावकी

आता नाशिककरांसाठी. कांदा आणि ही लिली एकाच कुळातले आहेत. पूर्वी कांदा-लसणाचं कूळ वेगळं धरायचे. २००९ मध्ये वनस्पतींच्या वर्गीकरणात सुधारणा झाली आणि कांदा-लसूण अमॅरिलिसच्या कुळात सामील झाले. म्हणजे लासलगावच्या बाजारातला उन्हाळ कांदा आणि माझ्या बाल्कनीतली राणी, दोघांची भावकी एक.

कतारमध्ये या कुळाला आणखी एक मान आहे. एज्युकेशन सिटीत २००८ मध्ये कुराणिक बोटॅनिक गार्डन सुरू झालं. कुराण आणि हदीसमध्ये आलेल्या वनस्पती जपायच्या, हा त्या बागेचा हेतू. कुराणात कांदा-लसणाचा उल्लेख येतो तो फार बोलका आहे. मिसर सोडून रानावनात आलेले लोक एकाच तऱ्हेच्या अन्नाला कंटाळतात आणि मूसांकडे भाजीपाला, काकडी, लसूण, मसूर, कांदा मागतात. गाव सोडलं की पहिली आठवण ताटाची होते. डिसेंबर २०२३ मध्ये भारताने कांद्याची निर्यात थांबवली, तेव्हा आपण तरी दुसरं काय बोलत होतो?

पण ही भावकी ताटापर्यंत न्यायची नाही, हे आधी ठळकपणे सांगते. लिलीचा कंद दिसायला हुबेहूब कांदा, पण विषारी आहे. पोटात गेला तर उलट्या, पोटदुखी होते. सुकवलेला कंद स्वयंपाकघरात, कांद्याच्या टोपलीजवळ अजिबात ठेवू नका. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर कुंडी उंचावर. आणि मदतनीस ताईंनाही सांगून ठेवा.

कांद्याकडून शिकण्यासारखं मात्र पुष्कळ आहे. नाशिकचे शेतकरी उन्हाळ कांदा काढला की चाळीत ठेवतात. सावली हवी, खेळती हवा हवी, ओल नको. असा कांदा महिनोन् महिने झोपून राहतो. ओल लागली की एक तर सडतो, नाही तर त्याला कोंब येतात. कंद म्हणजे झोपायची सोय करून घेतलेलं झाड. जिथे वर्षातले काही महिने पाणीच मिळत नाही अशा मुलखात या झाडांनी हा उपाय काढला. साठवायचं, पानं टाकायची, पडून राहायचं, आणि दिवस पालटले की आधी फूल काढायचं.

कोकणात हे आपोआप होतं. पावसात पानं फोफावतात, दिवाळीनंतर अंगणातल्या लिलीला कोण पाणी घालतंय? ती वाळते, विसरली जाते आणि एप्रिल-मेमध्ये अचानक लाल दांडे वर येतात. आईने कधी मुद्दाम काही केलं नाही. तिच्या अंगणाने केलं.

माझं काय चुकत होतं

आता दोह्यातली माझी बाल्कनी बघा. मी तीन वर्षं बारा महिने रोज पाणी घालत होते. वर एसीच्या खोलीत, सोफ्यामागे, जिथे वाचायलाही दिवा लागतो. पानं लोंबायला लागली की नीटनेटकं दिसावं म्हणून कापायचे. प्रेमाने कुंडीही मोठी घेतली. आणि खत घातलं ते पानांच्या भाज्यांचं.

आईला व्हिडिओ कॉलवर कुंडी दाखवली. तिने एकदाच पाहिलं आणि म्हणाली, "अगं, झोपू देत नाहीस तिला, फुलेल कुठून? पाणी तोड."

तिचं बोलणं आणि पुस्तकातलं बोलणं एकच निघालं. या कंदाच्या पोटात साधारण दर चार पानांमागे एक कळी धरते. ती कळी आतच बारीक असताना तयार होते आणि बाहेर यायला तिला बराच काळ लागतो. म्हणजे यंदा दिसलेलं फूल गेल्या वर्षीच्या पानांनी कमावलेलं असतं. मी पानं कापत होते, म्हणजे पुढच्या वर्षीची शिदोरीच काढून घेत होते. अंधारात पानं पोसत नव्हती, म्हणून कंद रोडावला. रोडावलेला कंद फुलत नाही, फुलायचा कंद चांगला मुठीएवढा लागतो. मोठ्या कुंडीतली जास्तीची माती ओली राहायची, मुळं कुजायची. आणि झोप तर मी एक दिवसही दिली नव्हती.

दोह्याचं वेळापत्रक

इंग्रजी पुस्तकांतलं वेळापत्रक बर्फाच्या देशांचं असतं. कोकणातलं पावसाचं. इथे दोन्ही चालत नाहीत, म्हणून गेल्या वर्षी जे केलं ते सांगते.

मार्च-एप्रिल: फुलं सुकली की फुलंच खुडायची, बी धरू द्यायची नाही. हिरवा दांडा पिवळा पडेपर्यंत ठेवायचा. पानांना हात लावायचा नाही. बाल्कनीत सकाळचं कोवळं ऊन, दोन-तीन आठवड्यांनी फुलझाडांचं पातळ खत. कुंडी कंदाहून चार-पाच सेंटिमीटरच रुंद, खाली भोक हवंच. कंदाचा वरचा तिसरा भाग मातीबाहेर. मातीत थोडी वाळू किंवा कोकोपीट घातलं की पाणी साचत नाही.

मे ते सप्टेंबर: कुंडी घरात, उजेडाच्या खिडकीशी, पण एसीचा झोत अंगावर नको. उन्हाळ्यात इथे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी कसं चटके देतं ते माहीतच आहे. ते थेट घालू नका. बादलीत रात्रभर ठेवून सकाळी घाला, तेही वरची माती सुकल्यावरच. धुळीचं वादळ झालं की पानं ओल्या फडक्याने पुसा.

सुट्टीत भारतात जाताना कोणाला चावी देऊन ठेवायची गरज नाही. निघायच्या दिवशी एकदा पाणी घाला, पाणी निथळू द्या, खाली पाण्याने भरलेली ताटली ठेवू नका. परत येईपर्यंत पानं माना टाकतील, काही वाळतील. पोसलेला कंद जगतो. पाण्यात उभा राहिलेला कंद मात्र सडतो.

ऑक्टोबर: हवा जरा निवली की पुन्हा बाल्कनीत. महिनाभर ऊन, खत, पाणी. झोपण्याआधीचं हे पोटभर जेवण.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला: पाणी बंद. अगदी बंद. पानं पिवळी पडून आपोआप वाळतात, मग ती काढायची. मला हे सगळ्यात अवघड गेलं. डोळ्यांसमोर झाड वाळतंय आणि आपण ग्लास घेऊन उभे!

डिसेंबर: कोरडी कुंडी बाल्कनीच्या सावलीत. आठ ते दहा आठवडे झोप हवी. या झोपेला दहा-तेरा अंशांची हवा सगळ्यात मानवते. इथल्या हिवाळी रात्री त्याच्या जवळपास येतात. हिवाळ्यात एखादी सर येतेच, तेव्हा कुंडी आत घ्या. काहीजण कंद फ्रिजमध्ये ठेवतात. ठेवलाच तर सफरचंदांबरोबर नको, पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या वायूने आतली कळी मरते. मी तर म्हणेन, फ्रिज नकोच. कोणीतरी कांदा समजून चिरायचं!

जानेवारीचा दुसरा आठवडा: वरची माती बदलायची, एकदा भरपूर पाणी, कुंडी उन्हात. मग थांबायचं. कंदाच्या डोक्यावर हिरवं टोक दिसेपर्यंत पाणी बेताचंच. टोक चपटं, जाडसर असेल तर तो फुलाचा दांडा. तिथून पाच-सात आठवड्यांत फूल. कुंडी रोज थोडी फिरवा, नाही तर दांडा उजेडाकडे वाकतो.

पानांवर लाल डाग दिसले तर ती बुरशी असते. पाणी पानांवर नको, मातीत घाला, डागाळलेला भाग कापा. पांढरा कापसासारखा ढेकण्या दिसला तर साबणाच्या पाण्याने पुसा.

आणि एक. गावाहून कंद बॅगेत लपवून आणू नका. झाडांबरोबर रोग-किडी येतात, म्हणून सरहद्द ओलांडताना रोपांना आरोग्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. इथल्या नर्सऱ्यांत हिवाळ्यात कंद मिळतात. शिवाय कोणी ना कोणी दोहा सोडून जातच असतं.

प्रकल्पात काय लिहिलं

हे सगळं लेकीला सांगितलं. तिने नकाशा घेतला, ब्राझीलपासून रेघ ओढायला सुरुवात केली. इंग्लंड, हॉलंड, कोलकाता, पुणे, गुहागरजवळचं आमचं गाव. दुसरी रेघ हॉलंडहून दोहा. मग पेन्सिल थांबली. "मग मी देश कोणता लिहू?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. तिचा जन्म इथला. तिला कॉर्निशवरचा वारा ओळखीचा आहे, कोकण माहीत आहे ते दर वर्षीच्या पाच-सहा आठवड्यांचं, तेही भर पावसातलं. तरी ती इथली होणार नाही. तिच्या बाबांच्या नोकरीवर आपलं राहणं, नोकरी संपली की आपणही सामान काढणार. हे तिला अजून आम्ही नीट सांगितलेलं नाही. नऊ वर्षांच्या मुलीला किती सांगायचं असतं? तुम्ही कसं सांगितलंत?

म्हणून मी तिला जे खरं माहीत होतं तेवढंच सांगितलं. "मूळची दक्षिण अमेरिकेची. आजीकडे शंभर टक्के आजीची. आणि इथे तू पाणी घातलंस म्हणून तुझी."

"मी नाही घातलं," ती म्हणाली. "नोव्हेंबरपासून मी घातलंच नाही. म्हणून फुलली."

खरंच होतं ते. ग्लास घेऊन धावत होते मी, आणि "आई, आजीने नाही सांगितलंय," म्हणून दर वेळी माझा हात धरत होती ती. प्रकल्पात तिने देशाच्या जागी दोन्ही रेघांसकट नकाशाच चिकटवला. खाली मराठीत एक वाक्य लिहिलं, आजीला वाचता यावं म्हणून: "ही आजीकडे मेमध्ये फुलते, माझ्याकडे फेब्रुवारीत." एक काना चुकला होता. मी दुरुस्त केला नाही.

ताईंना फोटो पाठवला. दोन मिनिटांत फोन आला. त्या नाशिकच्या घरात, आम्ही इथे, आणि दोघीही बराच वेळ कुंडीबद्दलच बोललो.

कुंडीत मोठ्या कंदाला दोन पिल्लं फुटली आहेत. पाने नीट पोसली की पुढच्या हिवाळ्यात ती वेगळी करेन. फुलायला त्यांना दोन-तीन वर्षं तरी लागतील. एक आमच्याच इमारतीतल्या घरी द्यायचं ठरलंय. दुसरं अजून कोणाचं नाही. ज्यांना हवं असेल त्यांनी सांगा, अट एकच: फुललं की फोटो पाठवायचा. आम्ही तेव्हा इथे असू किंवा नसू.